सदुसष्ट नंबरचा चिमटा

पत्र सरकारी आहे, म्हणून उभं राहूनच वाचतो.
पित्कायार्वीवर मार्च, बर्फ अजून हातभर जाड,
खोपटातल्या स्टोव्हवर कॉफी तिसऱ्यांदा उकळते आहे
आणि क्लबाचे सभासद बूट काढून, मोजे वाळवत बसलेत.
"रिमोटवर उडणाऱ्या विमानांसाठी
वारंवारितेचे सुधारित नियम."
पुढे चार पानं.
दुसऱ्या पानावर ऑनिला डुलकी लागते.
वेन्ला, वय चौदा, विचारते,
"म्हणजे ती पाटी आता काढायची?"

पाटी दारामागं आहे.
तिच्यावरच्या तारेला वीस लाकडी चिमटे,
कपडे वाळत घालायचे असतात तसलेच,
एकेकावर लाल रंगात एकेक आकडा.
आधी चिमटा, मग बटण.
इथला हा पहिला नियम; दुसरा कुणाला आठवत नाही.
चिमटा ज्याच्या अँटेनावर, लहर त्याची.
तेवढ्यात आणखी कुणी त्याच लहरीवर बटण दाबलं
तर विमानाला दोन धनी होतात
आणि ते एकाचंही ऐकत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी करून बसलो.
एकोणीस वर्षांपूर्वी. नवा सभासद, नवं यंत्र, हाताला घाई.
पाटीकडे न बघता बटण दाबलं
आणि वर ताइस्तोचं ग्लायडर,
दोन हिवाळे बाल्सा घासून केलेलं,
झोपेत कूस बदलावी तसं वळलं
आणि नाकावर बर्फात.
आवाज फार झाला नाही.
काड्यापेटी पायाखाली यावी, इतकाच.
ताइस्तो चालत आला. तळं लांबट आहे, बराच वेळ चालत होता.
शिव्या खायला मी टोपी काढून उभा.
त्यानं आपल्या अँटेनावरचा चिमटा काढला,
माझ्या कॉलरला लावला
आणि तुकडे गोळा करायला परत गेला.

तेव्हापासून सदुसष्ट आम्हा दोघांत.
यंत्रातला क्रिस्टल मला बदलता आला असता,
नखाएवढा तर असतो, दुकानात मिळतो.
मी बदलला नाही. त्यानंही सुचवलं नाही.
तो उडवायचा, मी खिशात हात घालून बघायचो.
मी उडवायचो, तो बघायचा.
"डावा पंख जड आहे तुझा."
"वारा पडला, आण खाली."
वर्षाकाठी बोलणं एवढंच, पण वेळेवर.

नव्या यंत्रांना चिमटा लागत नाही.
अंगठ्याएवढी अँटेना; मोकळी जागा आपली आपण शोधते,
कुणी असलंच तिथं तर टुणकन पलीकडे,
विचारावं लागत नाही कुणाला.
पत्रात याला सुलभीकरण म्हटलंय.
खोटं नाही ते. मीही घेतलं, ताइस्तोनंही घेतलं,
आणि गेल्या रविवारी पहिल्यांदाच
आमची दोन्ही विमानं एका वेळी आभाळात होती.
उतरल्यावर मी विचारलं, "कसं उडालं माझं?"
म्हणाला, "दिसलं नाही. मी माझं बघत होतो."
त्याचं कसं उडालं, ते मलाही सांगता आलं नसतं.

तर मंडळी, जुनी यंत्रं अमुक तारखेपर्यंत,
हरकती असल्यास शेवटच्या रकान्यात.
हात वर: सात.
वेन्लाचा धरायचा का, यावर थोडी चर्चा.
ताइस्तोचे दोन्ही हात कपाभोवती.
मंजूर.
पाटीचं काय करायचं ते राहूनच गेलं.
रकान्यात मी एक वाक्य लिहिलं, मग खोडलं,
आणि खोडलेलं दिसतंय म्हणून अजून थोडं खोडलं.

बाहेर आलो. बर्फावरचं ऊन थेट डोळ्यांत.
ताइस्तोनं आपलं विमान घसरगाडीतून काढलंच नाही.
कॉलरपाशी काहीतरी लागलं,
बघायला मान तेवढी वळेना.
तो चार पावलं मागं, खिशात हात.

माझे हात कापत होते.
उतरताना वाकडं आलं, एक स्की मोडली.
त्यानं ते पाहिलं.